बुरुलचं एक मिनिट

माझी बायको बुरुल सहा वर्षं आमच्या घरात बसून टॅक्सीचे फोन घ्यायची. नारीन गावात आमच्या अकरा गाड्या. गिऱ्हाईक फोन करणार, बुरुल वायरलेसवर विचारणार, कोण जवळ आहे, आणि जो जवळ असेल तो जाणार. त्या अकरांतला मी चार नंबर. सकाळी सातला मी गाडी बाहेर काढायचो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली असायची. एका बाजूला दोन फोन, दुसऱ्या बाजूला वायरलेस. संध्याकाळी यायचो तेव्हाही ती तिथेच असायची. म्हणून मधला सगळा वेळ ती बसूनच असते, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या ऑक्टोबरात ती गेली. आता त्या खुर्चीत मी बसतो.

टॅक्सीची मालकीण राया एजे, म्हणजे रायाताई, चाळीसाव्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात घरी आली. तिने चहा घेतला, दोन्ही पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ विषय काढला.

"तुरात, तू दिवसभर गाडीवर राहिलास तर यांना कोण बघणार?"

बेगायिम नऊ वर्षांची, सकाळी शाळेत जाणारी. तुमार अडीच वर्षांची. बालवाडीत तिचं नाव घालून ठेवलं होतं, पण यादीत तिच्या आधी शंभरावर पोरं होती.

"गाडी सोड. बुरुलची खुर्ची घे. बायकांचं काम म्हणून लाजू नकोस."

"लाजत नाही, एजे."

"मग उद्यापासून बस. आणि आवाज जरा गोड काढ. तू फोन उचललास की माणसाला वाटतं, पोलिसात लागला."

वायरलेसवर आम्ही त्या टेबलाला 'घर' म्हणतो. गाड्या विचारतात, "घर, घर, सहा बोलतोय." बुरुल म्हणायची, "घर ऐकतंय, सहा." सगळ्यांना ती नंबरानेच हाक मारायची, कारण नऊ नंबरच्या गाडीवर तोक्तोसुन नावाचा माणूस आहे आणि माझ्या वडिलांचंही नाव तोक्तोसुन. आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, सासरा मातीआड गेला असला तरी. म्हणून तो तिच्यासाठी नऊ झाला. मग एकाच माणसाला नंबर कशाला, म्हणून सगळेच नंबर झाले. तोक्तोसुनची बायकोसुद्धा आता त्याला नऊ म्हणते.

बुरुलचा दुसरा शब्द म्हणजे 'एक मिनिट'. आपण काही विचारावं, ती म्हणायची, "एक मिनिट." मग बटण सुटल्याचा आवाज, आणि पुढे शांतता. कधी ते मिनिट मिनिटाचंच असायचं, कधी पाचाचं. आम्हा ड्रायव्हरांत ती थट्टाच झाली होती. कोणाला उशीर झाला की आम्ही म्हणायचो, याचं बुरुलचं मिनिट चाललंय. सगळ्यांत जास्त मी हसायचो, कारण माझाच हक्क मोठा होता.

आता त्या मिनिटात काय असतं ते मला माहीत आहे.

पहिल्याच दिवशी नऊ वाजता चुलीतला कोळसा खाली बसला. तो वर केला नाही तर घर तासात गार होतं, आमच्याकडे नोव्हेंबरात उणे वीस असतं. मी फावडं उचललं आणि फोन वाजला. फोन ठेवला तर तुमार म्हणाली, "पापा, शू." तिला भांड्यावर बसवलं तर दूध उतू गेलं. दूध पुसतोय तर वायरलेस.

"घर, घर, नऊ बोलतोय. बाजारापाशी उभा आहे. मला काही देणार आहात, की बटाटे विकायला बसू?"

"एक मिनिट," मी म्हणालो.

मी तुमारला उठवलं, धुतलं, तिची विजार कुठे टाकली ती शोधली. मग आठवलं की फोनवरच्या बाईने पत्ता सांगितला होता आणि तो मी लिहून घेतला नव्हता. वायरलेसवर नऊ हसत होता. मला तो आके म्हणतो, दादा म्हणावं तसं.

"आके, बुरुल एजेचं मिनिट तुम्हाला वारशात मिळालं वाटतं."

कोणी हसलं नाही. दहा गाड्या ऐकत होत्या. थोड्या वेळाने तोच हळू आवाजात म्हणाला, "चुकलो, आके."

तो का चुकलो म्हणाला, ते सगळ्या गाड्यांना माहीत होतं. तेच इथे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

बुरुलच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. पहिल्या दिवशी जेवताना ती मला म्हणाली, "उजवीकडे दुखतंय जरा." मी म्हणालो, "तेलकट कमी खा." दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिची मिनिटं लांबायला लागली. दुपारी मी दवाखान्याच्या चौकात एका म्हाताऱ्याला घेऊन उभा होतो. त्याला कुठल्या घरी सोडायचं ते तिने त्याच्या मुलाला फोन करून विचारायचं होतं. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ती म्हणाली, "एक मिनिट." मग मी बटण दाबून म्हणालो, "घरात बसून बसून दमतेस का ग तू? तुझं मिनिट किती मिनिटांचं असतं, ते तरी एकदा सांग." गाड्यांमधून हसण्याचा आवाज आला. माझा बार चांगला लागला म्हणून मलाही बरं वाटलं.

ती म्हणाली, "एक मिनिट, तुरात." म्हणताना आधी तिने बारीक श्वास आत घेतला आणि शेवटी हसल्यासारखं केलं. मी ते ऐकलं. मला वाटलं, लाजली.

त्यानंतर घर बोललं नाही. अर्ध्या तासाने नऊ आपला थर्मास भरून घ्यायला आमच्याकडे गेला, तेव्हा ती चुलीपाशी पडली होती. हातात कोळशाचं फावडं होतं. तुमार तिच्या पोटाला टेकून बसली होती. आतडं आत फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, काल आणली असती तर. दोन दिवसांनी गेली.

दहा ड्रायव्हरांनी माझं ते वाक्य ऐकलं होतं. त्यांच्यातल्या कोणीही ते कधी तोंडावर आणलं नाही. बुरुलच्या आईला, कालिपा आपाला, ते माहीत नव्हतं.

चाळीसाव्याला ती घाटापलीकडून, आत-बाशीहून आली. पाहुणे गेल्यावर, भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुमारला मी नेते."

"आपा, इतक्यात नको."

"इतक्यात नाही तर कधी? पोरीला काय कळतंय अजून. लहान आहे तोवर रुळेल. माझ्याकडे गाय आहे, म्हातारा आहे, दिवसभर दोन माणसं तिच्या मागे राहतील. इथे तू फोनशी बोलणार की तिच्याशी?"

"दोघांशी बोलेन."

"बुरुल बोलायची दोघांशी," ती म्हणाली आणि पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला लागली.

आमच्यात नातवंडं आजीकडे वाढणं नवीन नाही. माझा थोरला भाऊ आजीकडेच वाढला. तो आजीला आपा म्हणायचा, म्हणजे आई. आणि आमच्या वडिलांना आके म्हणायचा, म्हणजे मोठा भाऊ. वडील चारचौघांत कधी त्याला माझा मुलगा म्हणाले नाहीत, म्हातारीचा अपमान झाला असता. वडील वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्ही भाऊ तंबूबाहेर काठीवर वाकून मोठ्याने रडत उभे होतो. आम्ही बाकीचे 'बाप माझा गेला' म्हणून रडत होतो, आणि थोरला 'आके माझा गेला' म्हणून. सवयीने त्याच्या तोंडून तेच आलं. ते ऐकून काका लोकांनी माना खाली घातल्या.

तुमार गेली तर मी तिचा आके होणार, हे कालिपा आपालाही माहीत होतं आणि मलाही. ती वाईट बाई नाही. तिची लेक गेली होती.

"नौरोजपर्यंत बघते," शेवटी ती म्हणाली. "मार्चात घाट उघडला की येईन. घर चालतंय असं दिसलं तर राहू दे. नाही दिसलं तर मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

मी मान डोलावली.

त्या हिवाळ्यात मी घर चालवायला शिकलो. राख सकाळी गार असतानाच काढायची, म्हणजे घरभर उडत नाही. कणीक रात्री मळून ठेवायची. फोन खांद्यात धरून बटाटे सोलता येतात, पण कांदा नाही, कारण डोळे पुसायला हात लागतो. पोरीचे केस विंचरताना पत्ता लिहून घेता येत नाही. ओले कपडे बाहेर टाकले तर अर्ध्या तासात लाकडासारखे ताठ होतात, ते आत आणून चुलीमागे उभे करायचे. तुमार माझ्या ताठ विजारीशी गप्पा मारायची. तिला वाटायचं, कोणीतरी आलंय.

वायरलेसचं बटण दाबायलाही ती शिकली. मी पाठ वळवली की खुर्चीवर चढायची.

"घल, घल," ती ओरडायची.

"घर ऐकतंय का?" कोणीतरी गाडीतून विचारायचं.

"एक मिनित!"

मग दहा गाड्या हसायच्या. नऊ म्हणायचा, "तुमार खान, बापाला सांग, नऊ नंबर उपाशी आहे, त्याला विमानतळाचं गिऱ्हाईक दे."

"नाही देत."

"का ग?"

"एक मिनित."

तिने हे आईचं ऐकून उचललं होतं की माझं, ते मला कळलं नाही. आई तिला आठवते का, हेही मी कधी विचारलं नाही.

बेगायिमला विचारावं लागत नव्हतं. ती सगळं न सांगता करायची. शाळेतून आली की दप्तर खाली, बाह्या वर. मला बरं वाटायचं. शेजारणी म्हणायच्या, "आईवर गेलीय हो." मी अभिमानाने मान डोलवायचो.

आमच्यात गुरुवारी गेलेल्यांसाठी तेलाचा वास काढतात. सात रोट्या तेलात तळायच्या, कुराणातलं जेवढं येतं तेवढं म्हणायचं, हात तोंडावरून फिरवायचे. तळणीचा वास वर पोचतो आणि गेलेल्या माणसाला कळतं की घरात आपली आठवण आहे. बुरुल माझ्या आईवडिलांसाठी दर गुरुवारी हे करायची. ती गेल्यावर पहिल्या गुरुवारी मी विसरलो. पोरी आईला आपाच म्हणायच्या. बेगायिम झोपायला जाताना म्हणाली, "पापा, आपा आज उपाशी राहिली का?"

पुढच्या गुरुवारी मी तळायला बसलो. माझ्या रोट्या फाटल्या, दोन जळल्या, आणि तिसरी कढईत असताना फोनवर एक बाई रडत होती की तिला बाळंतपणाला जायचंय. बेगायिम म्हणाली, "द्या इकडे. मला येतं, मी आपाजवळ उभी राहायचे." तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि राहिलेल्या तळल्या. त्यानंतर दर गुरुवारी तीच करायला लागली. नऊ वर्षांची पोर उकळत्या तेलापाशी स्टुलावर उभी असायची आणि मी तिच्याकडे पाठ करून बोलत असायचो, "सहा, तू कुठे आहेस, सहा." मी ते करू दिलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

मार्चात घाट उघडला. कालिपा आपाचा बुधवारी फोन आला. "शनिवारी येते."

गुरुवारी एका लग्नाचे फोन होते. चार गाड्या एका ठिकाणी, दोन दुसऱ्या, नवरीची मावशी तिसऱ्याच गल्लीत. माझ्यामागे तेल चुरचुरत होतं. मध्ये काहीतरी धातूचं पडलं, मी न बघता विचारलं, "काय ग?"

"झारा पडला, पापा."

थोड्या वेळाने ताटलीत सात रोट्या आल्या. गोल, कुठे फाटलेल्या नाहीत. मी जेवढं येतं तेवढं म्हटलं. आम्ही तिघांनी हात तोंडावरून फिरवले. मी तिला म्हणालो, "आज आईपर्यंत वास नक्की पोचला." ती हसली.

शुक्रवारी आम्ही घर धुतलं. शनिवारी दुपारी नऊने आपाला स्टँडवरून आणलं. तो दारातच म्हणाला, "आपा, घर इतकं चकाचक आहे, मी बूट रस्त्यावरच काढू का?"

"तू जीभ रस्त्यावर काढून ये," आपा म्हणाली.

ती आत आली ती तपासणीला आल्यासारखी. पावाचं फडकं उचलून खाली बघितलं. गाद्यांच्या घड्या बघितल्या. तुमारला मांडीवर घेऊन तिची नखं बघितली, कान वाकवून आत बघितलं.

"कानात मळ नाही," ती म्हणाली. तिला जरा आश्चर्यच वाटलं असावं.

तुमारने तिला वायरलेस दाखवला. आईच्या आईला पोरी तायने म्हणतात. बटण दाबून म्हणाली, "घल, घल. तायने आली."

"तायनेला सलाम सांग," कुठल्यातरी गाडीतून आवाज आला. आपा दचकली आणि मग पहिल्यांदा हसली. पेटीतनं आवाज आला की तिला अजून दचकायला होतं.

जेवायला शोरबा होता. बेगायिम डाव्या हाताने खात होती. आपा म्हणाली, "उजव्या हाताने खा ग. कुठे शिकलीस हे?" बेगायिमने चमचा उजव्या हातात घेतला. तिच्या लोकरी स्वेटरची बाही पंजापर्यंत खाली ओढलेली होती. घरात चूल भडकलेली होती, तुमार तर नुसत्या बनियनवर होती. हे सगळं मी बघितलं, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

जेवण झाल्यावर आपाने तळहात वर करून दुवा मागितली. मग म्हणाली, "खरं सांगू? मी तुमारचे कपडे बांधून न्यायला पिशवी आणली होती. पण घर चालतंय. पोरीच्या अंगावर मांस आहे. राहू दे तुझ्याकडे. म्हातारा विचारेल, तर सांगेन, बापाकडे बरी आहे."

मी तुमारला उचललं आणि उगीचच छताजवळ नेलं. ती ओरडली, "पापा, पडेन!" ते 'पापा' मी नीट ऐकून घेतलं. हे आता राहणार होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मी फोन घेता घेता म्हणालो, "बेगायिम, तायनेला चहा दे ग आणखी."

किटली चुलीवर होती. भरलेली, जड. चुलीकडून बेगायिम म्हणाली, "एक मिनिट, पापा."

आधी बारीक श्वास. शेवटी हसल्यासारखं.

मी फोन खाली ठेवला. पलीकडे माणूस बोलत होता तसाच. मी चुलीपाशी गेलो. ती दोन्ही हातांनी किटली उचलायला बघत होती आणि उजवा हात उचलत नव्हता. मी तिची बाही वर करायला लागलो तर ती मागे सरकली आणि अगदी हळू, ओठही न हलवता म्हणाली, "तायनेला सांगू नका. तायने उद्या जाणार आहे. मग बघू."

बाही वर जाईना. मनगटापासून कोपरापर्यंत लोकर कातडीला चिकटली होती.

आपाने पाठीमागून काही पाहिलं नव्हतं. मी एक दिवस गप्प बसलो असतो, रात्री कोमट पाण्याने लोकर सोडवली असती, आपा सकाळी गेली असती, तर तुमार माझी राहिली असती. हे सगळं मला त्या वेळी दिसलं, खोटं कशाला बोलू.

मग मी म्हणालो, "आपा, इकडे या."

नऊ बाहेर गाडी पुसत होता. मी बेगायिमला उचललं. आपाला म्हणालो, "फोनपाशी बसा. हे बटण दाबून बोलायचं."

"मी काय बोलू त्यांच्याशी?"

"एक मिनिट म्हणा," मी म्हणालो.

दवाखान्यात नर्सने पाणी सोडून सोडून लोकर काढली. बेगायिम ओरडली नाही. तिने माझ्या कोटाचं बटण धरून ठेवलं होतं, ते शेवटी तुटलं. नर्स म्हणाली, "हे परवाचं आहे. दोन दिवस तुम्ही कुठे होता?"

"घरीच होतो," मी म्हणालो.

परत आलो तेव्हा आपा खुर्चीत अवघडून बसली होती. दोन्ही फोन बाजूला काढून ठेवले होते. तुमार तिच्या मांडीवर झोपली होती. वायरलेसवर कोणी काही विचारत नव्हतं. नऊने सगळ्यांना सांगितलं असावं.

मी बेगायिमला निजवलं, आणि आपासमोर बसून सगळं सांगितलं. रोट्यांचं सांगितलं. मग ऑक्टोबरातल्या त्या दिवसाचं सांगितलं. दवाखान्याच्या चौकात, दहा माणसं ऐकत असताना मी बुरुलला काय म्हणालो ते, शब्दाला शब्द.

आपाने विचारलं, "तिने ऐकलं ते?"

"हो."

"काय म्हणाली?"

"एक मिनिट म्हणाली."

आपा उठली. तुमारला गादीवर ठेवलं, शाल घेतली आणि अंगणात गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. कुऱ्हाडीचा दांडा घेऊन ती पाण्याच्या पिंपातला बर्फ फोडत होती. घरात पाणी भरलेलं होतं, फोडायची गरज नव्हती. आत आली तेव्हा तिचे हात लाल झाले होते.

"तुमारचे बूट कुठे आहेत?" तिने विचारलं.

मी आणून दिले.

"रागाने नेत नाही," ती म्हणाली. "राग आहे. तो राहील, मी मरेपर्यंत राहील. पण त्यासाठी नेत नाही. तू दोघींना वाढवशील, मला दिसतंय. पण धाकटी थोरलीच्या जिवावर वाढेल. एकीला मी अशीच घालवली, सासरी काय चाललंय ते विचारलं नाही. हिला शाळा करू दे. खेळू दे. नऊ वर्षांची आहे ती, तुरात."

वाद घालायचा नाही, असं मी नोव्हेंबरात कबूल केलं होतं. तसं नसतं तरी मी घातला नसता.

रविवारी सकाळी नऊनेच त्या दोघींना घाटापलीकडे नेलं, पैसे घेतले नाहीत. तुमारला गाडीत बसायला आवडतं. ती काचेवर हात आपटून हसत होती. मी खुर्चीत होतो, कारण रविवारी बाजार असतो. थोड्या वेळाने वायरलेसवर ती बोलली, "घल, घल."

"घर ऐकतंय," मी म्हणालो.

मग तिने बटण नुसतं दाबूनच ठेवलं. गाडीचा आवाज येत राहिला. घाटात शिरल्यावर तोही तुटला.

बेगायिम माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, "मला दुखत नव्हतं. तुम्ही का सांगितलंत?" मी म्हणालो, "दुखत होतं." ती म्हणाली, "मी सहन केलं असतं." मी म्हणालो, "म्हणूनच." तिला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, पण ती शाळेनंतर आता बाहेर मुलींबरोबर दोरीवर उड्या मारते. हातावर कोपरापर्यंत डाग राहिला आहे. गुरुवारच्या रोट्या मी तळतो. संध्याकाळी सहा वाजता वायरलेसवर सांगतो, "घर अर्धा तास बंद. रोट्या चालल्या आहेत." पहिल्यांदा वाटलं होतं, कोणी काही बोलेल. कोणी बोललं नाही. नऊ म्हणाला, "सावकाश होऊ द्या, आके." माझ्या रोट्या अजून फाटतात.

उन्हाळ्यात कालिपा आपा मेंढ्या घेऊन वर कुरणावर गेली. तिथे फोन लागत नाही. ऑगस्टच्या शेवटी ती खाली आल्यावर तिचा फोन आला. दुपारची वेळ होती, दोन गाड्या विमानतळाकडे गेल्या होत्या, बाकीच्या काम मागत होत्या.

"पोरगी तीन बोटं उंच झालीय," आपा म्हणाली. "घोड्यावर बसते. 'र' म्हणायला लागलीय. देते तिला." मग तिचा आवाज लांबून आला, "ये ग, बोल."

फोनमध्ये श्वास ऐकू आला. मग तुमारने स्वच्छ विचारलं, "कोण?"

"मी," मी म्हणालो. पुढे काय म्हणायचं ते मी तीन महिने ठरवत होतो. आपा तिच्या शेजारीच उभी असणार, तिच्यासमोर पोरीला पापा म्हणायला लावणं बरं नव्हतं. मी म्हणालो, "मी नारीनहून बोलतोय. घर बोलतंय."

"आके?"

"हो."

"आके, कोकरू आलंय आत," ती म्हणाली. "एक मिनिट."

तिने फोन कुठेतरी ठेवला. दार आपटलं. ती पळाली, कोणावर तरी ओरडली, दूर कुठेतरी हसली. माझ्यासमोर वायरलेस खरखरत होता. "घर, घर, सहा बोलतोय. घर, नऊ. मला काही आहे का?" मी दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

"एक मिनिट," मी म्हणालो, आणि फोन कानाशी धरून बसून राहिलो.